रेंटीचा फोटो कोणाच्या मालकीचा?

एक म्हातारा माणूस कॅमेऱ्याकडे सरळ बघतो आहे. केस पिकलेले, गाल बसलेले, गळ्याखालची हाडे वर आलेली. कमरेच्या वर अंगावर कपडा नाही. त्याचे नाव रेंटी. साल १८५०. ठिकाण अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याची राजधानी कोलंबिया. (बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कमध्ये, हे गाव वेगळे.) हे चित्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हार्वर्ड विद्यापीठाच्या ताब्यात पडून होते. १९७६ साली विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावरील एका कपाटात ते सापडले. त्याच्यासोबत अशीच आणखी चित्रे होती. एकूण पंधरा प्लेटा आणि सात माणसे: रेंटी, डेलिया, जॅक, ड्राना, जेम, अल्फ्रेड, फसेना. डेलिया ही रेंटीची मुलगी आणि ड्राना ही जॅकची.

हे चित्र मी या लेखासोबत दिलेले नाही. इंटरनेटवर ते एका क्लिकवर मिळते, हे मला माहीत आहे. का दिले नाही ते पुढे सांगतो.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. याला डॅग्युरोटाइप म्हणतात. १८३९ साली फ्रान्समध्ये हे तंत्र जाहीर झाले. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, तो आरशासारखा घासायचा, त्यावर आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून उजेड दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचे. यात निगेटिव्ह नसते, म्हणून प्रतही निघत नाही. प्रत्येक प्लेट जगात एकच. समोरच्या माणसाला कित्येक सेकंद न हलता बसावे लागे आणि त्यासाठी डोक्यामागे लोखंडी आधार लावत. अशा चित्राला पैसे लागत. हौसेने चांगले कपडे घालून लोक स्टुडिओत जात आणि मखमली अस्तराच्या, पितळी चौकटीच्या छोट्या डबीत आपला चेहरा घरी नेत. रेंटीची प्लेटही अशाच डबीत बसवलेली आहे. श्रीमंताच्या चेहऱ्यासाठी केलेल्या डबीत उघड्या अंगाचा गुलाम का बसवला?

त्यामागे लुई अगासीझ नावाचा माणूस होता. हा स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेला नावाजलेला निसर्गशास्त्रज्ञ, हार्वर्डचा प्राध्यापक. हिमयुगावर आणि माशांच्या जीवाश्मांवर त्याने केलेले काम मोठे होते. पण माणसांबद्दल त्याचे मत असे की सगळे मानव एका उगमातून आलेले नाहीत, वेगवेगळे वंश वेगवेगळे निर्माण झाले आणि त्यांत काळ्यांची पायरी खालची. १८४६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात काळ्या नोकरांनी त्याला जेवण वाढले. त्यांचे हात आपल्या ताटाजवळ आले म्हणून त्याला किती किळस वाटली, हे त्याने आईला पत्र लिहून कळवले आहे. आपल्या वाचकांना ही किळस वेगळी समजावून सांगायची गरज नाही. आधी किळस आली, विज्ञान नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवा.

मार्च १८५० मध्ये चार्ल्सटन येथे अमेरिकन शास्त्रज्ञांची परिषद झाली. त्यानंतर अगासीझ कोलंबियाला गेला. तिथल्या डॉ. रॉबर्ट गिब्ज याने त्याला आसपासच्या मळ्यांवरचे गुलाम दाखवले. आफ्रिकेत जन्मलेले आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुली अशी निवड झाली. गुलामांची आयात १८०८ पासून कायद्याने बंद होती, त्यामुळे आफ्रिकेत जन्मलेले लोक तोवर उतारवयात पोचलेले होते. गिब्जने या निवडक माणसांना जोसेफ झीली या स्थानिक छायाचित्रकाराच्या स्टुडिओत नेले. कपडे उतरवले. कोणाला समोरून, कोणाला बाजूने टिपले. डेलिया आणि ड्राना यांचे झगे कमरेपर्यंत खाली ओढलेले आहेत. बाप आणि मुलगी, दोघांनाही एकाच स्टुडिओत याच अवस्थेत उभे केले. संमती हा शब्द तिथे लागूच होत नव्हता. ज्याचे शरीर मालकाच्या हिशेबाच्या वहीत आहे, तो नाही म्हणणार कोणाला?

अगासीझने ही चित्रे जवळच्या शास्त्रज्ञ मंडळींना दाखवली, छापली मात्र नाहीत. त्याच वर्षी त्याने मानववंशांच्या वेगवेगळ्या उगमाबद्दल लेख प्रसिद्ध केला. चित्रे कपाटात गेली.

आता चिठ्ठीकडे या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने चित्राइतकीच त्याची चिठ्ठी वाचली पाहिजे. प्लेटांसोबत गिब्जच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. रेंटीच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी सापडतात: त्याचे नाव, तो काँगोचा असल्याची नोंद आणि कोलंबियाच्या बी. एफ. टेलर यांच्या मळ्यावरचा हा उल्लेख. डेलियाच्या चिठ्ठीवर ती याच देशात जन्मली, आईबाप आफ्रिकन, रेंटीची मुलगी असे लिहिले आहे. जॅकच्या नावापुढे तो मुकादम असल्याची नोंद आहे आणि फसेनाच्या नावापुढे तो सुतार असल्याची. या चिठ्ठ्या माणसाला नाव देतात खऱ्या, पण आडनाव देत नाहीत, वय देत नाहीत. मालकाचे नाव मात्र विसरत नाहीत.

इथे आपल्याकडच्या एका संग्रहाशी तुलना करावीशी वाटते. १८५७ नंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जातीजमातींची छायाचित्रे गोळा केली. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी १८६८ ते १८७५ या काळात त्यांचे आठ खंड लंडनहून काढले. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचा हा ग्रंथ. साडेचारशेहून अधिक चित्रे, प्रत्येकाखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाचे वर्णन: हे इमानी, ते चोरटे, हे घाणेरडे, ते लढाऊ. राजेरजवाड्यांना आणि सरदारांना तिथे स्वतःचे नाव आहे. कष्टकरी आणि अस्पृश्य जातींतल्या माणसांच्या चित्राखाली बहुतेक ठिकाणी फक्त जात आहे. माणूस गळून गेला आणि जात तेवढी उरली.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. रेंटीचे नाव लिहिले गेले कारण तो कोणाची तरी मालमत्ता होता, आणि मालमत्तेची नोंद नगावर होते. आपल्या माणसाचे नाव लिहिले गेले नाही कारण तो कोणा एकाची मालमत्ता नव्हता, तो सगळ्या गावाचा होता. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी याच नसेवर बोट ठेवले होते. गुलामाला जगवण्यात मालकाचा निदान आर्थिक स्वार्थ असतो, अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नसते. 'अमेरिकेतला काळा म्हणजे आपल्याकडचा दलित' असे एका ओळीत समीकरण मांडणाऱ्या पोस्टी आपल्या ग्रुपवर रोज येतात. त्या टाकणाऱ्यांनी बाबासाहेबांचे हे विवेचन एकदा नीट वाचावे. नाते आहेच, पण ते अभ्यासाने दाखवावे लागते.

आणि नाते जुने आहे. रेंटीला कॅमेऱ्यासमोर उभे केले तेव्हा जोतिराव फुले बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि पुण्यात मुलींची शाळा सुरू होऊन सुमारे दोन वर्षे झाली होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अगासीझ वारला. हार्वर्डचा प्राध्यापक आयुष्यभर ज्या बाजूला उभा राहिला, पुण्याचा एक माळी त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला उभा होता. माझ्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात वंशवादाच्या धड्यात अगासीझ होता, जोतिराव नव्हते.

'पीपल ऑफ इंडिया'चा आणखी एक किस्सा आपल्या कामाचा आहे. १८६९ साली सर सय्यद अहमद खान लंडनमध्ये होते. त्यांचा मुलगा सय्यद महमूद इंडिया ऑफिसमध्ये हा ग्रंथ चाळत होता. तेवढ्यात एका इंग्रज तरुणाने विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद लाजेने लाल झाला, हो म्हणाला आणि लगेच खुलासा केला की मी इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, माझे पूर्वज दुसऱ्या देशातून आले. वसाहतवादी छायाचित्रणावर लिहिणारे अभ्यासक हा किस्सा अपमानाची गोष्ट म्हणून सांगतात. अपमान होताच. पण त्या खुलाशाकडेही बघा. आक्षेप माणसाला नमुना बनवण्यावर नव्हता, 'त्यांच्या' सोबत एकाच पुस्तकात बसवण्यावर होता. उच्चवर्णीयांची, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कॅमेऱ्याबद्दलची तक्रार बरेचदा अशीच निघते.

पुढे कॅमेऱ्याच्या जोडीला मोजपट्टी आली. हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने नाकांची लांबीरुंदी मोजून जात आणि वंश यांचा संबंध जोडला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हाच. या मोजमापाला उत्तर कोणी दिले? बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात. घुर्ये यांनी दिलेले नाकांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मोजमापात वंशाचा भेद निघतच नाही. तुमचेच शास्त्र खरे मानायचे तर दोघे एकाच वंशाचे ठरतात. त्याआधी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त त्यांनी बजावले होते की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. रेंटीला बाजूने उभे करून अगासीझला जे सिद्ध करायचे होते, ते बाबासाहेबांनी मोजमाप करणाऱ्यांच्याच आकड्यांनी मोडून काढले. हल्ली आपल्यातलेही काही जण डीएनएच्या अर्धवट बातम्या घेऊन 'आमचा वंश वेगळा' म्हणून नाचतात. ही वाट आपली नाही, ती रिस्लीची आहे.

परत रेंटीकडे येतो, कारण त्याची गोष्ट कपाटात संपत नाही. कनेक्टिकट राज्यातल्या तमारा लॅनियर यांची आई मुलांना 'पापा रेंटी'च्या गोष्टी सांगे. आफ्रिकेतून आलेला पूर्वज, स्वतः वाचायला शिकलेला आणि इतर गुलामांना चोरून बायबल वाचायला शिकवणारा. हे धाडस किती मोठे होते ते बघा. साउथ कॅरोलिनाच्या १८३४ च्या कायद्याने गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. गोऱ्याने शिकवले तर दंड आणि कैद. गुलामाने शिकवले तर पन्नासपर्यंत फटके. आईच्या निधनानंतर लॅनियर यांनी कागदपत्रे धुंडाळली आणि हार्वर्डच्या कपाटातला रेंटी तोच, या निष्कर्षाला त्या आल्या. विद्यापीठाला त्यांनी पत्रे लिहिली. विद्यापीठाने वंशावळीबद्दल शंका घेतली. दरम्यान २०१७ साली गुलामगिरी आणि विद्यापीठे या विषयावरच्या परिषदेच्या छापील कार्यक्रमावर विद्यापीठाने रेंटीचाच चेहरा वापरला. मानववंशशास्त्राच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तोच.

२०१९ साली लॅनियर कोर्टात गेल्या. मागणी साधी होती: ही चित्रे माझ्या पूर्वजांची आहेत, जबरदस्तीने घेतलेली आहेत, परत द्या. अगासीझच्या चाळीसहून अधिक वंशजांनीही पत्र लिहून हीच मागणी केली, हे विशेष. खालच्या कोर्टाने २०२१ मध्ये दावा फेटाळला. कायदा असा की चित्र काढणाऱ्याचे असते, ज्याचे चित्र काढले त्याचे नसते. जून २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही मालकी हक्क मान्य केला नाही. पण विद्यापीठाच्या वागणुकीने लॅनियर यांना झालेल्या मानसिक त्रासाचा दावा पुढे चालवायला परवानगी दिली. शेवटी मे २०२५ मध्ये तडजोड झाली. पंधराही प्लेटा हार्वर्डने सोडायच्या आणि त्या साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाला द्यायच्या. हे संग्रहालय २०२३ साली उघडले. ते ज्या जागी उभे आहे तो गॅड्सडेनचा धक्का, तिथेच गुलामांची जहाजे लागत.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ही केस जरूर वाचावी. 'काढणाऱ्याचे चित्र' हा नियम स्वतःहून स्टुडिओत गेलेल्या माणसाला गृहीत धरून केला आहे. समोरचा माणूस गुलाम असला तरी तोच लावला. वरून समान दिसणारा कायदा आतून कसा एका बाजूला झुकलेला असतो, हे आपण भारतात वेगळ्या कलमांखाली रोज बघतो.

या चित्राबद्दल लिहिणारे अनेक जण रेंटीच्या नजरेत बंड, अवज्ञा, तेज असे काही वाचतात. मला हे पटत नाही. त्या काळच्या प्लेटेसाठी डोळे रोखून बसावेच लागे, झीलीच्या स्टुडिओत आलेला प्रत्येक सावकारही असाच रोखून बघत असणार. बंड नजरेत शोधायची गरज नाही. ते त्याच्या घराण्याच्या तोंडी इतिहासात आहे, चोरून वाचायला शिकवण्यात आहे. कॅमेऱ्याने रेंटीचे शरीर टिपले, पण त्याने काय केले ते आजीने नातवंडांना सांगितले म्हणून टिकले.

ज्यांच्या हातात आपल्या चित्राचा ताबा आला त्यांनी काय केले, हेही पाहावे. सोजर्नर ट्रुथ ही गुलामगिरीतून सुटलेली स्त्री, तिला लिहितावाचता येत नव्हते. १८६४ साली तिने स्वतःच्या छायाचित्राचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले आणि कार्डाच्या आकाराच्या प्रती विकून चळवळीचा व स्वतःचा खर्च भागवला. पांढरी शाल, डोक्याला टोपी, हातात विणकाम. फ्रेडरिक डग्लसने तर आयुष्यात सुमारे १६० वेळा फोटो काढून घेतला, नेहमी नीटनेटक्या सुटात आणि हसणे टाळून, कारण काळा माणूस म्हणजे हसरा नोकर हे चित्र त्याला मोडायचे होते. बाबासाहेबांच्या सुटाबद्दल नाक मुरडणाऱ्या गांधीवाद्यांना हे कधी कळले नाही.

आता चित्र का दिले नाही ते. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला मिसिसिपीत ठार मारले, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि छायाचित्र छापू दिले. तो निर्णय आईचा होता. खैरलांजीनंतर २००६ साली भोतमांगे कुटुंबाच्या मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्यामुळे लोक रस्त्यावर उतरले, हे नाकारता येत नाही. पण आजही प्रत्येक अत्याचारानंतर आपल्याच मोबाईलवरून आपल्या बायाबापड्यांची उघडी शरीरे पुढे पाठवली जातात, आणि घरच्यांना कोणी विचारत नाही. डेलियाचा झगा पुन्हा पुन्हा खाली ओढायचा हक्क मला कोणी दिलेला नाही. तिचे नाव पुरेसे आहे.

मी ज्या वस्त्यांत काम करतो तिथे एक गोष्ट वारंवार दिसते. म्हातारे माणूस गेले की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लागतो, आणि घरात फोटो नसतो. मग आधार कार्डावरचा किंवा मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणतात. सरकारने ओळख पटवण्यासाठी काढलेला तो करडा चेहरा, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी हार घालून बसतो. लॅनियर यांनी हार्वर्डशी जे भांडण केले ते यापेक्षा फार वेगळे नाही. नोंदीसाठी काढलेल्या चित्राला त्यांना घरी न्यायचे होते.

म्हणून एक काम सुचवतो. आपापल्या जिल्ह्यातल्या संग्रहालयात, जुन्या संस्थानांच्या दफ्तरात, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जा. एकोणिसाव्या शतकातला एखादा फोटो दिसला आणि खाली नुसती जात लिहिलेली असली, तर नोंदवही दाखवा म्हणा. हा फोटो कोणी काढला, कोणी दिला, कधी आला, मागे काय लिहिले आहे, हे उतरवून घ्या. सरकारी संस्था असेल आणि टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. मग तो फोटो घेऊन ज्या गावचा असेल त्या गावच्या म्हाताऱ्यांकडे बसा. नाव सापडले तर संग्रहालयाला लेखी पत्र द्या, चिठ्ठी बदला म्हणून. नाव नाही सापडले तर निदान 'नाव नोंदवले गेले नाही' एवढे तरी त्या चिठ्ठीवर लिहायला लावा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.